पत्रक क्रमांक सतरा

“आपल्या सकाळच्या पहिल्या लघवीला सोबत घेऊन यावे.”

हे वाक्य मी आमच्या या परभाषी शहरातल्या मोठ्या इस्पितळाने दिलेल्या मराठी कागदावर वाचलं आणि माझं डोकं सणकलं. लघवीला सोबत घेऊन यावे. जणू ती कुणाची धाकटी मेव्हणी आहे आणि एकटी यायला घाबरते. मी तपासणीच्या रांगेत होतो, हातात बाटली होती, त्यामुळे उघडपणे संतापणंही शोभलं नसतं. तरी पुढे वाचलं. “सुई टोचल्यावर पाच मिनिटे बसलेला राहा. नंतर आपण सुटलात.” असं मराठी लिहिणाऱ्याला कोणत्या कलमाखाली आत टाकता येईल याचा विचार करत मी रांगेतून पुढे सरकलो.

एक सांगून ठेवतो. मी गावाकडे वीज कार्यालयाच्या जावक विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या नजरेखालून जायचं. ज्यांची वीज आम्ही तोडली, त्यांनीही पत्राच्या भाषेबद्दल कधी तक्रार केली नाही. अशा माणसाला कुणी “सुटलात” म्हणतं, तेव्हा तो गप्प बसत नाही.

मी चौकशीच्या खिडकीशी गेलो आणि तक्रारीचा अर्ज मागितला.

“तक्रारीचे अर्ज संपलेत,” आतल्या बाई म्हणाल्या. “मदतीचा आहे.”

“कसली मदत?”

“भाषांतराची. आरोग्याची माहिती वेगवेगळ्या भाषांत करायला स्वयंसेवक हवे आहेत. त्यातही तक्रार लिहिता येते. खाली ‘इतर’ म्हणून जागा आहे.”

मी ‘इतर’मध्ये माझी तक्रार सतरा ओळींत मांडली. पण वरचा भाग रिकामा सोडला तर अर्ज घेत नाहीत, म्हणून तोही भरला. अशा रीतीने मी समाजसेवेत पडलो.

आठवड्याने बोलावणं आलं. भाषा विभाग म्हणजे क्ष-किरण खोलीमागची एक चिंचोळी जागा. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळं इस्पितळ भाषाबाई म्हणत असे. त्यांना नऊ भाषांचं काम बघावं लागे आणि त्यातल्या सात येत नसत. पण स्वभाव फार गोड. इतका गोड की त्यांच्यावर रागावणं म्हणजे उशीला बुक्की मारण्यासारखं.

“तुम्हाला मराठी येतं याचा काही पुरावा?” त्यांनी विचारलं.

“मी चौसष्ट वर्षं बोलतोय.”

“लेखी पुरावा?”

मी घरी जाऊन माळ्यावरची पेटी खाली काढली आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधला. त्यावर ‘मातृभाषा’ या शब्दापुढे आमच्या शाळेच्या कारकुनाने ‘होय’ असं लिहिलं होतं. भाषाबाईंनी तो दाखला माझ्याकडूनच वाचून घेतला, यादी तपासली आणि हळहळून म्हणाल्या, “‘होय’ ही भाषा आमच्याकडे नाही हो.”

मग परीक्षा घ्यायची ठरली. एक तासाचा पेपर मी चाळीस मिनिटांत सोडवला. आता तो तपासायला मराठी येणारं कुणी नव्हतं. असतं तर मला बोलावलं कशाला असतं? आठ दिवस पेपर टेबलावर पडून राहिला. शेवटी भाषाबाईंनी तो माझ्यापुढे सरकवला आणि लाल पेन दिलं. मी स्वतःला चौऱ्याऐंशी गुण दिले. शंभर देता आले असते, पण उगाच कुणाला संशय नको.

त्यानंतर छातीचा क्ष-किरण. मी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून भाषांतर करणार होतो आणि माझ्या खोकल्याचा धोका झालाच तर तो बायकोला होता. पण नियम म्हणजे नियम. क्ष-किरण झाल्यावर हात कसे धुवावेत याचं पाऊण तासाचं प्रशिक्षण. या वयात मला एका पोरगेल्या नर्सने सांगितलं की मी आजवर अंगठे धुतलेच नव्हते. मी अपमान गिळला आणि अंगठे धुतले.

एवढ्या दिव्यातून गेल्यावर माझ्या हाती एक पान पडलं. पत्रक क्रमांक सतरा, ‘शस्त्रक्रियेपूर्वी घ्यायची काळजी’.

मी आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा लिहिला. मुख्य सूचना अशी होती: “शल्यक्रियेच्या पूर्वरात्री दशवादनोत्तर अन्नग्रहण तथा जलप्राशन सर्वथा वर्ज्य.” लिहून झाल्यावर मी ते उभं राहून मोठ्याने वाचलं.

बायको मटार सोलत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, “अहो, कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. ऑपरेशनआधीची सूचना आहे.”

“मग असं का लिहिलंय, बाराव्याचं बोलावणं असल्यासारखं?”

तिला भाषेचं अंग नाही असं म्हणून मी सोडून दिलं असतं, पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर आले. ते चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे होते आणि डॉक्टर वारल्यानंतर आमच्या इमारतीला औषधं सांगण्याचं काम त्यांनी विनामूल्य अंगावर घेतलं होतं. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

“पेशंटचं पोट दुखतंय,” ते म्हणाले, “त्यात डोकं कशाला दुखवता? आम्ही बाटलीला कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. जेवढे दाते, तेवढे डोस. वाचायची भानगडच नाही.”

“उपासाला पट्टी कुठे चिकटवू?”

“तोंडाला,” बायको म्हणाली.

याच वेळी तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू माझी पँट कमरेत सैल करून घेऊन वर आल्या. काकूंची सत्तरी उलटली होती, घरात एकट्या, आणि शिवणयंत्र अजून रोज चालायचं. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ऑपरेशनची तारीख लागली होती. इस्पितळातली भाषा त्यांना येत नसे. तिथे त्या फक्त मान हलवायच्या. माझं पत्रक प्रत्यक्ष त्यांच्या उपयोगाचं, म्हणून मी त्यांच्यापुढे वाचलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“कापड जास्त झालंय,” त्या म्हणाल्या. “अंगावर बसत नाही.”

तीन विरुद्ध एक. मी मन मारून सगळं खाली उतरवलं. दशवादनोत्तर गेलं, वर्ज्य गेलं. उरलं ते हे: “रात्री दहानंतर काही खाऊ नये. सकाळी पाणी पिऊ नये.” शाळेतल्या पोराने लिहावं तसं. तरी दिलं पाठवून.

पंधरा दिवसांनी छपाईपूर्वीचा नमुना माझ्या फोनवर आला. तळहाताएवढ्या पडद्यावर अख्खं पान. मी ते बोटांनी मोठं केलं आणि पहिल्यांदा अगदी खाली गेलो, जिथे ‘भाषांतर’ या शब्दापुढे माझं नाव होतं. आडनावातला काना गायब होता. एका कान्यावाचून माझं सगळं घराणं भलत्याच जातीचं आणि भलत्याच धंद्याचं होत होतं. मी तत्काळ पत्र लिहिलं. दुसऱ्या नमुन्यात काना आला, पण पहिल्या नावाची वेलांटी दीर्घ झाली. तिसऱ्यात वेलांटी सुधारली, काना पुन्हा गेला. मी तक्रारीची तीन पत्रं पाठवली. त्यातल्या तिसऱ्यात मी ‘अस्मिता’ हा शब्द वापरला. चौथा नमुना निर्दोष होता. मी कळवलं: “आता सर्व ठीक. मान्य.”

तीन हजार प्रती छापल्या. पन्नास मला मिळाल्या आणि मी त्या इमारतीत घरोघर वाटल्या. ज्यांच्या अंगात काढण्यासारखं काहीच नव्हतं त्यांनाही दिल्या. शिलाईवाल्या काकूंना मी स्वतः नेऊन दिली. ओठांतल्या टाचण्या न काढता त्यांनी पत्रक हातात घेतलं, खालचं माझं नाव बघितलं आणि ते यंत्राच्या वर, मापांच्या वहीशेजारी अडकवलं.

“आता मला कुणाला विचारायला नको,” त्या म्हणाल्या.

काकूंच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मला भाषाबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड.

“एक विचारायचं होतं. या चार दिवसांत ऑपरेशनसाठी सहा जण भरल्या पोटी आले. सहाही तुमच्या भाषेचे. तुमच्यात अशी काही पद्धत आहे का?”

“मुळीच नाही,” मी म्हणालो. “योगायोग असेल.”

“भूल देणारे डॉक्टर जरा रागावलेत. आज आलेल्या बाई म्हणतात की त्या तुम्हाला ओळखतात.”

मी अंगावरच्या कपड्यांनिशी इस्पितळात पोचलो. हिरवा झगा घातलेल्या काकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर माझं पत्रक. त्यांना परत पाठवायचं ठरलं होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची.

“काकू, तुम्ही खाल्लंत?”

“खाल्लं की. दहानंतर खायचं म्हणून गजर लावून उठले. दोन अंडी, दूध, पाव. जात नव्हतं, पण खाल्लं. सकाळी दोन तांबे पाणी पिऊन निघाले. इथे नर्सबाई हातवारे करून काहीतरी विचारत होत्या, तर मी त्यांना कागद दाखवला.”

“पण कुणी सांगितलं तुम्हाला असं?”

त्यांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. मी चष्मा लावला. पत्रकाचे रकाने चिंचोळे होते. “काही खाऊ नये” हे एका ओळीत मावलं नव्हतं, म्हणून मांडणी करणाऱ्याने, ज्याला आमची लिपी म्हणजे नुसती नक्षी, ‘न’ वर घेतला होता आणि ‘ये’ खाली सोडला होता. रात्री दहानंतर काही खाऊन ये. सकाळी पाणी पिऊन ये.

“ते ‘ये’ मला जरा खटकलं,” काकू म्हणाल्या. “माझ्या वयाच्या बाईला अगं-तुगं. पण म्हटलं घरचा माणूस आहे, मायेने लिहिलं असेल.”

मी तिथून तडक भाषा विभागात गेलो. माझ्या रागाला आता धार आली होती. मी भाषाबाईंना सांगितलं की हा एका भाषेचा खून आहे, की ‘वर्ज्य’ ठेवलं असतं तर जगातल्या कुठल्याही मांडणीवाल्याला ते फोडता आलं नसतं, की मला साधं लिहायला लावणाऱ्या प्रत्येकाची, अगदी माझ्या बायकोचीसुद्धा, चौकशी झाली पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून फाइल काढली, त्यात माझे चारही नमुने आणि चारही पत्रं क्रमाने लावलेली होती. पहिल्या नमुन्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येकात ‘खाऊन ये’ स्वच्छ दिसत होतं. आणि शेवटच्या पत्रात माझं “आता सर्व ठीक. मान्य.”

“काळजी करू नका,” भाषाबाई म्हणाल्या. “असं होतं.”

बत्तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. निदान कुणी फाइल काढून दाखवलं नव्हतं. घरी येऊन मी बायकोला सगळी हकीकत सांगितली. मांडणीवाल्याचं अज्ञान, रकान्यांची रुंदी, इस्पितळाचा कारभार, काहीच सोडलं नाही.

“तुमचं नाव बरोबर छापलंय ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि आत गेली.

नंतरचे तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. उरलेली चोवीसशे पत्रकं रद्दीत काढायची ठरली होती. मी भांडून तो निर्णय फिरवला आणि इस्पितळाच्या कोठारात, कापसाच्या खोक्यांवर बसून, प्रत्येक प्रतीतले दोन ‘न’ पेनाने खोडून खालच्या ओळीत नेले. अठ्ठेचाळीसशे ‘न’. कंपाउंडर एकदा बघायला आले आणि खोडताना मनगट कसं धरावं हे सांगून गेले. ते सोसलं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली काकूंचं यंत्र आहे. एरवी ते सकाळपासून एका लयीत चालतं. आता ते मधेच थांबायचं. बराच वेळ थांबायचं. काकूंना कळ आली की त्या टेबलाची कड धरून बसतात हे बायको खाली डबा द्यायला गेली तेव्हा तिने पाहिलं होतं.

शेवटी मी खाली गेलो. दारातच मांडणीवाल्याचा विषय काढला.

“नमुना तुम्हाला दाखवला होता का?” काकूंनी विचारलं.

“दाखवला होता.”

“मग मांडणीवाल्याचं कशाला सांगता? शिंप्याच्या हाताखालचा चुकला म्हणून गिऱ्हाईक जाब विचारायला त्या पोराकडे जात नाही.”

मी मान खाली घातली. माझी चूक झाली हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल, इतरांच्या वतीने. बोलायला मात्र जड गेलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि कापड बेतायचा कागद माझ्यापुढे टाकला.

“आता हाताने लिहा. छापील नको. आणि मी एकटी उपाशी राहणार नाही. तुम्ही लिहिलंय, तर तुम्हीही राहा. म्हणजे माझी खात्री.”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, “दहानंतर काही खायचं नाही. सकाळी पाणीसुद्धा प्यायचं नाही.” खाली सही केली, कारण काकूंनी करायला लावली. आणि त्याप्रमाणे वागलोही. बायकोने चहा करून नेमका माझ्यासमोर प्यायला. तिचं म्हणणं, तो दिवसभरातला सगळ्यात चांगला चहा होता.

ऑपरेशन आठला होणार होतं. आठचे दहा झाले, दहाचे बारा. काकू पलंगावर निवांत पडून होत्या. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. माझ्यासारख्या, मधुमेह नुकताच सुरू झालेल्या माणसाने असला उपास करू नये, हे कुठल्यातरी पत्रकात नक्की असेल, पण त्याचं भाषांतर अजून झालेलं नव्हतं. काकूंना आत नेलं आणि दार बंद झालं, एवढं मी पाहिलं. मग भिंत जरा तिरकी झाली. शुद्धीवर आलो तेव्हा मला एका खुर्चीत बसवलं होतं आणि हात धुण्याचं प्रशिक्षण देणारी तीच नर्स माझ्या तोंडात साखरेचं पाणी ओतत होती. तिने माझ्या अंगठ्यांकडे बघितल्याचा मला भास झाला.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. काकूंचे नातेवाईक कोण, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. ते त्यांच्या भाषेत पाच मिनिटं बोलले. पित्ताशय काढलं, खडे किती होते, टाके कुठे घातले, नळी कधी काढणार. मधेच त्यांनी असंही सांगितलं की मधल्या तीन आठवड्यांत आत सूज वाढली होती, त्यामुळे काम अवघड झालं, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. मी सगळं ऐकलं. मला सगळं समजलं.

काकूंना बाहेर आणलं तेव्हा त्या अर्धवट जाग्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता आणि केस टोपीतून सुटले होते. त्यांनी मला ओळखलं.

“काय म्हणाले डॉक्टर?”

माझ्या डोक्यात पित्ताशय, शोथ, छेदन असे सगळे शब्द रांगेत उभे होते. त्यातला एकही पुढे येईना.

“काढलं,” मी म्हणालो. “आता दुखणार नाही.”

“एवढंच? बराच वेळ बोलत होते, मला आवाज येत होता.”

“बाकीचं नळीचं आणि टाक्यांचं होतं. सावकाश सांगतो.”

“हे छापायला द्या,” काकू म्हणाल्या आणि त्यांना झोप लागली.

माझ्या मसुद्याला मिळालेली ही पहिली आणि आजवरची एकमेव पसंती. पण ती मला पचली नाही. मी एक वाक्य गाळलं होतं आणि जावक विभागात कुणी असं केलं असतं तर मी त्याला तासभर उभं केलं असतं.

दोन दिवस ते वाक्य माझ्याकडेच पडून होतं. तिसऱ्या दिवशी काकू उशीला टेकून बसल्या होत्या, नर्सच्या झग्याची उसवलेली बाही त्यांनी शिवायला घेतली होती. मी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. सूज, तीन आठवडे, आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, सगळं. शब्द साधेच वापरले.

काकूंनी धागा दाताने तोडला.

“याला भाषांतर कशाला हवं होतं?” त्या म्हणाल्या. “दुखत मलाच होतं.”

त्यांनी बाही उलटीसुलटी करून पाहिली, सुई कापडात खोचून ठेवली आणि मला म्हणाल्या, “ती मागची उशी जरा वर घ्या.”

मी उशी वर घेतली.